खिशातून नेलेला दोष

सुभेदार, तुमचा बोर्ड चालू आहे. आत्ता, सांगलीत, माझ्या टेबलावर. सकाळपासून सात वेळा बंद केला, सातही वेळा उठून उभा राहिला. ही बातमी तुम्हाला द्यायला मला सात महिने उशीर झाला. त्यातले सहा महिने तुम्ही फोनच्या पलीकडं जिवंत होता, आणि मी फोन हातात घेऊन वाक्य जुळवत बसलो होतो.

तुमचा जन्म कधीचा, पलटण कुठली, पेन्शनीत कधी आलात, हे सगळं तुमच्या फोटोखाली भाच्यानं नीट लिहून ठेवलंय. ते वाचताना मला कळलं की यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. लष्करात तुम्ही वायरलेस संच दुरुस्त करायचा, एवढं माहीत होतं. अकरा वर्षांच्या ओळखीत आपण बोललो ते फक्त बिघाडांबद्दल. त्यातले निम्मे मी केलेले.

पहिला तर ओळख व्हायच्या आधीच केला होता. मिरजेत स्टेशनाजवळच्या भंगारवाल्याकडं मी एक पॉवर सप्लायचा बोर्ड उचलून, हा कसा सहज दुरुस्त होईल यावर त्या गरीब माणसाला व्याख्यान देत होतो. मागून आवाज आला, "मास्तर, बोलायच्या आदी वास घ्या."

मी वास घेतला. ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झाला होता.

"मी मास्तर आहे हे कसं ओळखलंत?" मी विचारलं. आयटीआयमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो.

"ज्याला ऐकून घ्यायची सवय न्हाई, त्यो एकतर सरपंच असतो न्हाईतर मास्तर. आन् सरपंच भंगारात हात घालत न्हाई."

मग आपलं जमलं. मी सांगलीत कागदावर सर्किट काढायचं, तुम्ही साताऱ्याकडं तुमच्या गावी ते डाग देऊन उभं करायचं. सोल्डर करण्याला तुम्ही शेवटपर्यंत 'डाग देणं' म्हणत आलात. लाडू भरतात तसल्या स्टीलच्या डब्यातून आपले बोर्ड एसटीनं ये-जा करायचे. चोवीस व्होल्ट घेऊन पाच व्होल्ट देणाऱ्या सर्किटला बक कन्व्हर्टर म्हणतात, हे मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तासभर बोललो होतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी तुज्यासारकंच की रं. आत चोवीस व्होल्टची बकबक, भाईर पाच व्होल्टचं काम." तेव्हापासून मी बकमास्तर. तुमच्या घरातली मांजरंसुद्धा मला त्याच नावानं ओळखत असावीत.

तुमच्या दोन रीती होत्या. यंत्र चालू करताना 'सावधान' म्हणायचं आणि बंद करताना 'विश्राम'. विश्राम दिल्यावर हात पाठीमागं बांधून साठ अंक मोजायचे, त्याशिवाय परत सावधान नाही. आणि प्रत्येक दुरुस्त बोर्डाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायची. तिच्यावर शिसपेन्सिलनं तीन ओळी: वस्तू काय, लक्षण काय, दोष कुठं. शिसपेन्सिलच का, तर "दोष जागा बदलतो, शाई बदलत न्हाई."

त्या तिसऱ्या ओळीवरून आपलं भांडण कधी मिटलंच नाही. माझं म्हणणं, चौथी ओळ हवी. दोष कुणाचा. वर्गात काही जळलं की माझा पहिला प्रश्न तोच असायचा, कुणी केलं? तुम्हाला ते पटायचं नाही. "कुनी केलं इचारलं की मानूस खोटं बोलतो, मास्तर. कुटं हाय इचारलं की हात दावतो." मी म्हणायचो, पण नाव लिहिलं नाही तर तो पुन्हा करेल. तुम्ही म्हणायचा, "करू दे. पुन्ना दुरुस्त करू."

ही तुमची रीत माझ्या किती उपयोगी पडली ते मी सोयीनं विसरलो. महाबळेश्वरला त्या स्ट्रॉबेरीवाल्याच्या पॉलिहाऊसचा पंखा बघायला गेलो होतो, आठवतंय? मी मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात 'आता मोजून बघू' म्हणालो आणि मीटरची लाल वायर करंटच्या भोकात ठेवूनच व्होल्टेज मोजायला गेलो. फट् झालं, धूर निघाला. मालकानं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "मीटरनं जीव दिला, पर तुमचा पंखा वाचवला." त्या माणसानं वर आपल्याला स्ट्रॉबेरी दिल्या. मीटरला तुम्ही चिठ्ठी बांधलीत. दोष कुठं: लाल वायर चुकीच्या भोकात. ती कुणी घातली होती, हे आज मी सांगेपर्यंत जगात दोघांनाच माहीत होतं.

ही उसाच्या ठिबकची पेटीही आपल्या दोघांचीच. सोलरच्या बॅटरीवर चालणारी, ठरल्या वेळी पाणी सोडणारी, बंद करणारी आणि मोबाईलवर तसा निरोप पाठवणारी. ती लोकांना दाखवायची ठरली तेव्हा तुम्ही म्हणालात, पहिल्यांदा माझ्या रानात, माझ्या भावकीसमोर. चाळीस वर्षं हे लोक तुम्हाला 'सुभेदार लष्करात दिवे बदलायचा' म्हणून चिडवत होते. तुम्हाला त्यांना एकदाच काहीतरी दाखवायचं होतं.

विहिरीजवळच्या जांभळीखाली पंधरा-वीस माणसं जमली. पुढं तुमचे चुलतभाऊ संपततात्या, गावातली सगळ्यात धारदार जीभ. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता. पेटीपुढं ताठ उभं राहून 'सावधान' म्हणालात, बटण दाबलंत. दिवा लागला, व्हॉल्व्ह उघडला, नळ्यांतून पाणी सुरू झालं. लोकांच्या माना हलल्या.

इथं मला थांबता आलं असतं. पण मी बकमास्तर. जुन्या कॉर्डलेस फोनमधली छोटी बॅटरी मी सांगलीहून खिशातून आणली होती. तुम्ही लोकांना समजावून सांगत होता तेवढ्यात मी पेटीत हात घातला आणि तिची पिन पाच व्होल्टच्या लाईनला खोचली. तुम्हाला न विचारता. वाटलं, यंत्र पूर्ण बंद झाल्यावरही त्यातून निरोप जाईल, सगळे चकित होतील, तुम्हीसुद्धा. मग मी मिश्या नसलेल्या ओठावरून बोट फिरवीन.

तुम्ही 'विश्राम' दिलात. दिवा विझला. आणि संपततात्यांच्या खिशात मोबाईल वाजला; निरोपासाठी तुम्ही मुद्दाम त्यांचाच नंबर घातला होता. 'यंत्र बंद झाले, पाणी थांबले.' लोक चकित झाले, तुम्हीही माझ्याकडं बघितलंत. मी ओठावरून बोट फिरवलं.

तुम्ही साठ अंक मोजलेत. 'सावधान.' काही नाही. परत साठ. 'सावधान.' दिवा मेलेला.

"सुभेदार," संपततात्या म्हणाले, "जवान झोपला जनू. लय लष्करी यंत्र म्हनं, एकदा पडलं की उठंना."

लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंत, "बंद झाल्यावर निरोप कुटनं गेला रं?"

बघा, सुभेदार. ज्या जागेवर बोट ठेवायला हवं होतं, बरोबर त्याच जागेवर तुम्ही बोट ठेवलं होतं. 'कुणी' विचारलं नव्हतंत, 'कुठून' विचारलं होतंत. तुमच्या हिशेबानं मी हात दाखवायला हवा होता. मी म्हणालो, "कपॅसिटरमध्ये थोडं उरलं असेल, त्यावर गेला." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हसत, जसं काही विनोद करतोय, "सर्किट चोख आहे हो. सुभेदारांचा हात आता थोडा थरथरतो, एखादं ड्राय सोल्डर राहिलं असणार." म्हणजे वरून चकचकीत पण आतून सुटलेला डाग.

मी हात दाखवला खरा. पण तुमचा.

त्या बोर्डाला तुम्ही शंभरावर डाग दिले होते. मी तुम्हाला एकच लावला.

लोक पांगले. तुम्ही खुर्च्या गोळा करायला गेलात आणि मी ती छोटी बॅटरी काढून खिशात घातली. का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, उन्हात तापेल म्हणून. पेटी तुमच्याकडं राहिली आणि दोष मी खिशात घालून एसटीनं सांगलीला नेला.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन. "मास्तर, घरी उटतोय की रं. शंभरदा केला, शंभरदा उटतोय." मी म्हणालो, ड्राय सोल्डर असंच असतं, कधी धरतं, कधी सोडतं. देवाशपथ सांगतो, तेव्हा माझाही अर्धा विश्वास त्यावर होता. उरलेल्या अर्ध्याकडं मी बघत नव्हतो.

पेटीसाठी तुम्ही एकसारखे दोन बोर्ड केले होते; तीन आठवड्यांनी माझ्याकडच्या दुसऱ्या बोर्डाला तीच बॅटरी जोडली. बंद केला. तो उठेना. बॅटरी काढली, उठला. जोडली, मेला. मी खुर्चीत बसलो.

कारण इतकं साधं होतं की ते मी वर्गात शिकवत आलो होतो. बक कन्व्हर्टरच्या चिपला सुरू होताना आतला स्विच उघडायला थोडा जोर लागतो, आणि तो जोर ती एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठवते. बाहेरची बाजू रिकामी असेल तरच तो कपॅसिटर भरतो. माझी बॅटरी बाहेरच्या बाजूला साडेतीन व्होल्ट धरून बसली होती. चिप बिचारी प्रत्येक वेळी उठायला बघत होती आणि तिला जोरच मिळत नव्हता. एक डायोड घातला असता, करंटला उलट येऊ न देणारा, तर काही झालं नसतं. बटाटेवड्यापेक्षा स्वस्त वस्तू. तीस वर्षं मी पोरांना सांगितलं, करंटला वाट ठेवली की तो दोन्हीकडून येतो. वाट मीच ठेवली होती.

त्याच क्षणी फोन करायचा होता. मी आधी चहा केला. मग वाटलं, असल्या गोष्टी फोनवर नको, समक्ष जाऊ. मग पाऊस लागला. मग माझा गुडघा दुखायला लागला. मग असं झालं की इतके दिवस का नाही सांगितलं, याचंही उत्तर तयार करावं लागेल, आणि ते उत्तर दर आठवड्याला लांबत गेलं.

मधे एकदा तुमचाच फोन आला. "तुमच्याकडला दुसरा बोर्ड कसा हाय?" तुम्ही विचारलंत.

तुमच्याकडला. अकरा वर्षं 'तू' आणि 'रं' ऐकलेल्या कानाला तो 'तुमच्या' मीटरच्या सुईसारखा टोचला.

"बरा आहे," मी म्हणालो.

"मग माज्या हातातच असंल."

इथं मी काय म्हणालो ते लिहितोय, कारण हे लिहिलं नाही तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही. मी म्हणालो, "वय कुणाला चुकलंय, सुभेदार."

मागच्या महिन्यात रविवारी यायचं नक्की केलं होतं. डब्यात बॅटरी, डायोड, चिवडा, सगळं भरून ठेवलं. शुक्रवारी सकाळी तुमच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला नाही. वाटलं, रविवारी येतोच आहे, आत्ता तोंडातून भलतंच काही निघायचं. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. वहिनी होत्या. डेअरीला दूध घालून आलात, ओसरीवरच्या खुर्चीत बसलात, तिथून उठलाच नाहीत.

दहाव्याच्या दिवशी मी आलो. सगळं उरकल्यावर वहिनींनी तुमच्याकडचा स्टीलचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. "ह्यात तुमचं काय हाय ते घिऊन जावा, भावजी. मला कळत न्हाई."

डब्यात आपला बोर्ड होता. मी भिंग लावून बघितला. प्रत्येक डाग नव्यानं दिलेला. एकदा नाही, तीन-तीनदा. तांब्याच्या पट्ट्या उष्णतेनं उचलायच्या बेतात आल्या होत्या, पण तुम्ही एकही उचलू दिली नव्हती. असा हात मी आयुष्यात पाहिला नाही.

"सोल्डरगन कुठं आहे त्यांची?" मी विचारलं.

"माळ्यावर टाकली बांधून. पावसाळ्यातच. म्हनले, हात गेला आपला." वहिनींनी दोन्ही हात समोर धरून दाखवले. "रोज सकाळी चा झाला की कपबशी अशी समोर धरून बसायचे. कान लावून. वाजती का बगायचे."

"वाजायची?"

"न्हाई ओ. कवाच न्हाई वाजली. मी सांगायची, न्हाई वाजत आवं. तर म्हनायचे, तुला ऐकू येत न्हाई."

बोर्डाला चिठ्ठी बांधलेली होती. वस्तू: ठिबक पेटी. लक्षण: बंद केल्यावर उठत नाही. तिसऱ्या ओळीवर इतकं खोडलेलं की कागद पातळ झाला होता. उजेडात तिरका धरल्यावर शिसपेन्सिलचे वळ दिसले. स्विच. खोडलेलं. कॉईल. खोडलेलं. आणि सगळ्याच्या खाली, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं आणि परत खोडलेलं: माझा हात.

तुम्ही, सुभेदार. ज्यांनी माझ्या जळक्या मीटरवर माझं नाव लिहिलं नाही. ते शेवटी खोडलंत ते नियमासाठी, की अजून खात्री नव्हती म्हणून? मला हे आता कुणाला विचारता येत नाही.

मी वहिनींना सगळं सांगितलं. बॅटरी, खिसा, फोन, 'वय कुणाला चुकलंय', सगळं. माझी सांगायची सवय अशी वाईट की मधे एकदोन ठिकाणी ते विनोदी व्हायला लागलं, आणि मी थांबून परत सरळ सांगितलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"म्हंजी ह्यांचा हात चांगला हुता," त्या म्हणाल्या.

"चांगलाच होता, वहिनी."

"मला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "जिथं बोललासा, तिथं जाऊन सांगा."

म्हणून तेराव्याला, जेवणं झाल्यावर, त्याच जांभळीखाली तीच माणसं बसवली. बोर्ड पेटीत बसवला. आधी ती छोटी बॅटरी न जोडता चालू केला, बंद केला, साठ अंक मोजले, परत चालू केला. उठला. मग बॅटरी वर धरून सगळ्यांना दाखवली, त्यांच्या डोळ्यांदेखत जोडली, बंद केला, मोजले, चालू केला. उठला नाही. 'सावधान' म्हणायचं धैर्य मला झालं नाही, मी मुकाट्यानं बटण दाबत होतो.

"ही मी त्या दिवशी चोरून घातली होती," मी म्हणालो. "आणि चोरून काढून नेली. सुभेदारांच्या डागात काहीही खोट नव्हती."

संपततात्यांनी पेटीत वाकून बघितलं. "मग तवाच का न्हाई सांगितलं?"

इतके महिने तयार केलेलं उत्तर माझ्याजवळ होतं. त्यात पाऊस होता, गुडघा होता. मी ते दिलं नाही. "लाज वाटली," मी म्हणालो.

"मास्तर," ते म्हणाले, "हसलो तर आमी बी हुतो." मग उठले, स्वतःच पेटीतली बॅटरी उपटून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आता लावा. आवाजात लावा, त्यो लावायचा तसं."

मी 'सावधान' म्हणालो. आवाज चिरका निघाला, पण दिवा लागला.

येताना वहिनींनी माळ्यावरून सोल्डरगन काढून दिली. आज सकाळी तिनंच तो डायोड बोर्डाला लावला. माझा डाग ओबडधोबड झालाय, तुमच्या शंभर डागांत तो एकटाच कळतो. तुम्ही असता तर एवढं एकच वाक्य म्हणाला असता, "मास्तर, गाठोडं बांदलंस व्हय रं."

नवी चिठ्ठी बांधलीय. वस्तू आणि लक्षण तुमच्यासारखंच. दोष कुठं: आउटपुटला डायोड न घालता जोडलेली बॅटरी. या तीन ओळी तुमच्या रीतीनं शिसपेन्सिलनं लिहिल्यात.

खाली चौथी ओळ घातलीय. दोष कुणाचा. तिच्यापुढं माझं पूर्ण नाव आहे, आणि ते पेनानं लिहिलंय.